जुन्या फळीशेजारी नवी फळी : लाकूड टिकविण्याच्या विद्येचा इतिहास

जीर्णोद्धार हा शब्द देवालयांच्या संदर्भात सर्वांच्या परिचयाचा आहे. जीर्ण झालेल्या वास्तूला पुन्हा उभारी देणे हा त्याचा सरळ अर्थ. परंतु प्रत्यक्ष काम सुरू झाले की सुतारापासून विश्वस्तांपर्यंत सर्वांपुढे एक अवघड प्रश्न येऊन ठाकतो. जुने सगळेच टाकावयाचे नसते आणि सगळेच ठेवताही येत नाही. म्हणजे जुन्याच्या शेजारी नवे बसविणे ओघानेच आले. दगडाचा चिरा एकदा बसला की जागचा हलत नाही. लाकडाचे तसे नाही. ते बसविल्यानंतरही पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर्षानुवर्षे रंग बदलत राहते. समईचा धूर, तेलाचे हात आणि माणसांची पाठ लागून काळवंडलेल्या खांबाशेजारी कालच रंधा मारलेली पिवळीधमक फळी बसली की ती दुरूनही डोळ्यांत भरते, आणि येणारा-जाणारा विचारतो, "ही जुळणार कधी?"

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत घरोघर विचारला जातो. तेथील घरांच्या मागील अंगास जमिनीपासून थोडा उंच, वर छप्पर नसलेला लाकडी ओटा असतो. त्यास 'डेक' असे म्हणतात. गावोगावची जी मुले शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे गेली, त्यांच्याकडे जाऊन आलेल्या आईवडिलांनी या ओट्यावर बसून चहा घेतलेला असतो. दहा-पंधरा वर्षांनी या ओट्याच्या काही फळ्या फुटतात, काही कुजतात. त्यांच्या जागी बाजारातून नव्या फळ्या आणाव्या तर त्या हिरवट निघतात आणि शेजारच्या जुन्या फळ्या राखाडी, नाहीतर रंग दिलेल्या तपकिरी. जुळता जुळत नाहीत.

या हिरवट रंगाचा शोध घेत मागे गेले तर तो माग अमेरिकेत थांबत नाही. तो थेट हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनच्या एका प्रयोगशाळेत येऊन पोहोचतो. लाकडात नवे-जुने एकत्र करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास जाणून घ्यावा असा आहे, कारण नवी फळी जुनीशी जुळवावयाची तर जुनी फळी कोणत्या काळातील व कशात मुरवलेली आहे हे आधी कळावे लागते.

लाकडाचे वैरी

लाकडाचे वैरी चार : पाणी, बुरशी, कीड आणि ऊन. यांपैकी पाणी एकटे फारसे नुकसान करीत नाही. ते बुरशीला बोलावणे पाठविते. कोरड्या लाकडात बुरशी जगत नाही. लाकडाच्या वजनाच्या सुमारे पंचमांशापेक्षा कमी ओल असेल तर कूज लागण्याची भीती जवळजवळ राहत नाही. पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूडही लवकर कुजत नाही, कारण तेथे बुरशीला हवा मिळत नाही. धोका असतो तो अर्धे ओले, अर्धे कोरडे अशा जागी : खांबाचा पाया, फळीचा सांधा, खिळ्याचे भोक. वाळवी आणि भुंगे हे तिसरे वैरी. उन्हाचे काम सावकाश चालते. त्याचा विचार पुढे येईलच.

झाडही आपल्या परीने बंदोबस्त करून ठेवते. खोडाच्या गाभ्यात ते अशी द्रव्ये साठविते की जी बुरशीला व किडीला मानवत नाहीत. सागाचा गाभा टिकतो तो यामुळेच. सालीलगतचे पांढरे लाकूड मात्र कच्चे. त्यात ही द्रव्ये नसतात आणि कीड प्रथम तेथेच शिरते. जुने सुतार हे पांढरे लाकूड तासून टाकीत ते उगीच नव्हे. कोकणात होड्यांना व लाकूडकामाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची रीत होती. देशावर दारे-खिडक्यांना अळशीचे तेल चोपडीत आणि जमिनीत जाणाऱ्या खांबाचे टोक डांबरात बुडवीत किंवा भाजून काळे करीत. हे सर्व उपाय वरवरचे होते. तेल वा डांबर लाकडाच्या आत फार खोल जात नसे, आणि चीर पडली की त्या वाटेने वैरी आत शिरत असे.

दाबाखाली औषध

औषध लाकडाच्या अंगावर न राहता अंगात मुरले पाहिजे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात बळावला. इ. स. १८३१ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेआं याने दाबाच्या साहाय्याने लाकडात द्रव घालण्याची कृती पुढे आणली. १८३२ मध्ये इंग्लंडमध्ये कायन याने पाऱ्याच्या क्षारात लाकूड भिजविण्याचे पेटंट घेतले. पारा महाग आणि विषारी, त्यामुळे ती रीत फार चालली नाही. १८३८ मध्ये जॉन बेथेल याने डांबरी तेल दाबाखाली लाकडात भरण्याचे पेटंट घेतले आणि तेथून या विद्येला स्थिर रूप आले. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या या तेलाला क्रिओसोट म्हणतात.

बेथेलची मूळ कृती आजही तत्त्वतः तीच आहे. लोखंडाच्या लांबलचक नळकांड्यात लाकूड भरून दार घट्ट बंद करतात. प्रथम पंपाने आतील हवा काढून घेतात. त्यासरशी लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांतील हवाही बाहेर येते. मग औषध आत सोडतात आणि दाब देतात. हा दाब चौरस इंचाला दीडशे पौंडांच्या घरात असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापट. रिकाम्या झालेल्या पोकळ्यांत औषध घुसते. शेवटी पुन्हा हवा काढून वरचेवर राहिलेले औषध निथळून घेतात. हेच ते 'प्रेशर ट्रीटेड' लाकूड. मराठीत त्यास 'दाबाने मुरवलेले लाकूड' म्हणावयास हरकत नाही. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरावे तसे औषध त्यात मुरते. फरक इतकाच की येथे महिनाभराचे काम काही तासांत होते.

या विद्येला गिऱ्हाईक मिळाले ते रेल्वेचे. रुळाखाली दर मैलाला दीड-दोन हजार स्लीपर लागत, आणि ते सदैव ओल्या-कोरड्या जमिनीवर पडलेले असत. भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे लोहमार्ग वाढत गेले तसे साग, साल, देवदार या टिकाऊ झाडांवरील ताण वाढत गेला. चीड पाइनसारखे मुबलक पण कच्चे लाकूड औषध मुरवून वापरता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे सरकारी वनखात्यापुढे आला.

डेहराडूनचे मीठ

डेहराडून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था स्थापन झाली. लाकडावरील बुरशी, वाळवी, लाकूड वाळविणे व टिकविणे अशा अनेक विषयांवर तेथे काम चाले. १९२९ मध्ये संस्थेच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. याच संस्थेत सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये एक नवे औषध सिद्ध केले.

त्यात तीन द्रव्ये होती. पहिले मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. द्राक्षबागायतदारांना मोरचूद सांगावयास नको. चुन्याबरोबर मिसळून केलेले बोर्डो मिश्रण बुरशीवर फवारतात ते याच गुणामुळे. दुसरे आर्सेनिक, म्हणजे सोमलाच्या जातीचे विष. ते कीड व वाळवी मारते आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीचाही समाचार घेते. तिसरे डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचे नारिंगी स्फटिक. पहिल्या दोहोंचा गुण पूर्वीही ठाऊक होता. अडचण अशी होती की ती पाण्यात विरघळणारी, त्यामुळे पावसाने लाकडातून धुऊन जात. कामेशम यांची खरी कामगिरी तिसऱ्या द्रव्यात आहे. क्रोमियम लाकडाच्या आत इतर दोघांशी व लाकडाशी संयोग पावते आणि त्यांना तेथे जखडून ठेवते. औषध आत जाताना पाण्यात विरघळलेले असते, आत गेल्यावर न विरघळणारे होते.

आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक खुणांची आद्याक्षरे घेऊन या मिठाला 'अस्कू' असे नाव पडले. त्याचे प्रचलित प्रमाण असे : आर्सेनिकचा क्षार एक भाग, मोरचूद तीन भाग व डायक्रोमेट चार भाग. डांबरी तेलाप्रमाणे त्याला वास नव्हता, लाकूड चिकट होत नसे आणि वाळल्यावर त्यावर रंगही देता येई. तांबे व क्रोमियम यांच्यामुळे लाकडाला एक फिकट हिरवी छटा मात्र येई. हीच ती अमेरिकन फळीवरची हिरवळ.

१९३८ मध्ये कामेशम यांना या औषधाचे अमेरिकन पेटंट मिळाले. तेथे प्रथम टेलिफोनच्या खांबांसाठी त्याचा उपयोग झाला. अमेरिकन सरकारची लाकूडविषयक प्रयोगशाळा विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे १९१० पासून आहे. तिने मिसिसिपी राज्याच्या दमट व वाळवीग्रस्त जमिनीत मुरवलेल्या खुंट्या रोवून ठेवल्या. बिनऔषधाच्या खुंट्या काही वर्षांत संपल्या; या मिठाच्या खुंट्या कित्येक दशके उभ्या राहिल्या. तीन धातूंच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिकडे त्यास 'सीसीए' म्हणू लागले.

घरामागचा ओटा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर स्वतंत्र घरांच्या वसाहती वाढल्या. पूर्वी घरापुढच्या पडवीत बसून रस्त्यावरच्या माणसांशी बोलणारे लोक आता घरामागच्या मोकळ्या जागेत बसू लागले. तेथे ओटा हवा झाला. आरंभी तो टिकाऊ गाभ्याच्या रेडवुड व सीडर या लाकडांचा होई. ही लाकडे महाग होत गेली. दक्षिणेकडील राज्यांत पिवळा पाइन मुबलक होता. त्याचे कच्चे लाकूड औषध झपाट्याने पिऊन घेते. १९७० नंतर हा पाइन व डेहराडूनचे मीठ यांची जोडी जमली आणि मध्यमवर्गीय घरालाही लाकडी ओटा परवडू लागला.

याच सुमारास मराठी माणूसही त्या ओट्यावर पोहोचला. १९६५ च्या अमेरिकन कायद्याने पूर्वीचे देशवार निर्बंध उठविले आणि भारतातून डॉक्टर, इंजिनियर व प्राध्यापक तिकडे जाऊ लागले. गावोगावची महाराष्ट्र मंडळे निघाली आणि १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या लोकांनी घेतलेल्या घरांमागील ओट्याच्या फळीत भारतात शोधलेले मीठ होते, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

विषाचा प्रश्न

कालांतराने दुसरी बाजू पुढे आली. जखडलेले औषधही थोडे थोडे सुटते. ओट्यावर रांगणारी मुले फळीला हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात. फळीखालच्या मातीत आर्सेनिकचे प्रमाण वाढलेले आढळले. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकन पर्यावरण खात्याने जाहीर केले की उत्पादक स्वतःहून घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मीठ बंद करणार आहेत. ३१ डिसेंबर २००३ ही त्याची अखेरची तारीख ठरली. आधी बांधलेले ओटे पाडावेत असे मात्र खात्याने सांगितले नाही.

त्यानंतरच्या फळीत आर्सेनिक नाही व क्रोमियमही नाही. तांबे तेवढे राहिले, आणि त्याच्या जोडीला दुसरी सेंद्रिय द्रव्ये आली. पुढे तांब्याची अतिसूक्ष्म पूड पाण्यात मिसळून मुरविण्याची रीत निघाली. त्या फळीचा हिरवटपणा कमी असतो. अशा रीतीने आज एखाद्या ओट्यावर जुनी व नवी फळी शेजारी शेजारी बसते तेव्हा पुष्कळदा २००४ च्या अलीकडचे व पलीकडचे अशी दोन वेगळी औषधे एकमेकांस भेटतात. दोन्ही फळ्या पाइनच्याच असल्या तरी त्यांचा रंग, त्यांचा खिळा आणि त्यांना हाताळण्याची रीत वेगळी असते.

खिळ्याची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नव्या औषधांत तांबे अधिक असल्याने ती लोखंडाला लवकर खातात. जुन्या ओट्यात चाललेले साधे खिळे नव्या फळीत गंजून जातात. म्हणून जस्ताच्या रसात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे स्क्रू वापरावे लागतात. फळी टिकली आणि खिळा गेला तर ओटा पडावयाचा तो पडतोच.

न जुळण्याची कारणे

नवी फळी जुनीशी का जुळत नाही याची कारणे तीन. पहिले कारण ओल. औषध पाण्यातून जात असल्याने कारखान्यातून निघालेली फळी पाण्याने जड झालेली असते. ती वाळताना रुंदीत आकसते. साडेपाच इंच रुंद पाइनची फळी वाळून जवळपास पाव इंचापर्यंत कमी भरू शकते. जुन्या फळ्यांमधील फट पाहून नवी ओली फळी तेवढीच फट ठेवून बसविली, तर वर्षभराने तिच्या कडेची फट दुप्पट दिसू लागते. यासाठी जाणकार सुतार ओली फळी जरा खेटून बसवितो, किंवा औषध दिल्यानंतर भट्टीत पुन्हा वाळविलेली फळी मागवितो. अशी फळी महाग पडते, पण जेथे जुन्याशी जुळवावयाचे आहे तेथे तो खर्च वसूल होतो.

दुसरे कारण जाडी. उघड्यावरचे मऊ लाकूड ऊन-पावसाने झिजते. हा वेग शतकाला सुमारे पाव इंच इतका मंद आहे, तरी पायांची वर्दळ आणि पुनःपुन्हा घासणे यांनी तो वाढतो. जुनी फळी काठांना गोलावलेली असते, नवीची कड धारदार असते. त्यामुळे दोहोंत लहानसा उंचवटा राहतो आणि पायाला ठेच लागते. नवीची कड रंध्याने हलकेच मोडून घ्यावी लागते.

तिसरे कारण रंग. लाकडातील धाग्यांना एकत्र बांधणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते मोडते, पावसाने धुऊन जाते आणि मागे पांढुरके तंतू राहतात. त्यावर सूक्ष्म बुरशी बसली की लाकूड राखाडी दिसते. हा बदल अगदी वरच्या थरापुरता असतो. राखाडी फळी उलटी करून पाहिली की खालचे अंग बरेचसे मूळ रंगाचे आढळते. नवी फळीही त्याच वाटेने जाते. प्रथम हिरवी, मग मधासारखी पिवळसर, आणि काही पावसाळ्यांनी राखाडी. ज्या ओट्याला काहीच रंग दिलेला नाही तेथे थांबणे हाच सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

जुळविण्याची रीत

जेथे जुन्या ओट्याला रंग दिलेला आहे तेथे थांबून भागत नाही. अशा ठिकाणी काम क्रमाने करावे लागते.

प्रथम फळ्यांची जागा ठरवावी. सर्व नव्या फळ्या एकाच ठिकाणी आल्या की कापडाला ठिगळ लावल्यासारखे दिसते. ओट्याच्या कोपऱ्यातील, कुंड्यांखालील वा पायऱ्यांजवळील चांगल्या जुन्या फळ्या काढून मधोमध बसवाव्या आणि नव्या फळ्या त्या आडबाजूच्या जागी घालाव्या. सांधे एका रेषेत न ठेवता मागे-पुढे ठेवावे, म्हणजे नव्या-जुन्याची हद्द डोळ्यांना सापडत नाही.

दुसरे, जुनी फळी स्वच्छ करावी. फळी २००४ पूर्वीची नसेल तर सोडियम परकार्बोनेटचे पाणी लावून मऊ कुंचल्याने धुतल्यास राखाडी थर व बुरशी निघते. अशाच फळीला त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य पाणी लावले तर लोखंडाचे काळे डाग जातात व लाकूड उजळते. अंबुशीच्या पानाला जी आंबट चव असते ती याच आम्लाच्या क्षारांची. परंतु बाजारातील आम्ल विषारी असते, म्हणून हातमोजे व डोळ्यांना चष्मा हवाच. कपड्यांचे क्लोरीनवाले ब्लीच ओतू नये. त्याने तंतू दुबळे होतात आणि रंग अनैसर्गिक पांढरा पडतो.

तिसरे, नवी फळी वाळू द्यावी. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावे. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर फळी अजून ओली आहे किंवा तिचे तोंड मिटलेले आहे. थेंब आत जिरले तर ती रंग घेण्यास तयार आहे. हवेप्रमाणे यास काही आठवडे ते काही महिने लागतात. घाईने दिलेला रंग पहिल्याच थंडीत पोपडे धरतो.

चौथे, रंगाची परीक्षा कापून उरलेल्या तुकड्यावर करावी. एकाच डब्यातील रंग जुन्या फळीवर गडद व नवीवर फिका उतरतो, कारण जुनी फळी अधिक पिते आणि नवीची हिरवी छटा खालून डोकावते. म्हणून नवीला आधी तपकिरीकडे झुकणारा एक हात द्यावा आणि मग दोहोंवर सारखाच हात फिरवावा. आत मुरणारा, लाकडाच्या रेषा दिसू देणारा रंग या कामी चांगला. जाड साय धरणारा रंग पायांखाली टिकत नाही. नवी फळी कापली असेल तर कापलेल्या तोंडाला तांब्याचे औषध कुंचल्याने लावावे, कारण दाबाने गेलेले औषध सगळीकडे गाभ्यापर्यंत पोहोचलेले नसते.

येथे एक इशारा ठळकपणे सांगणे अवश्य आहे. रंग जुळावा म्हणून पुष्कळ लोक जुनी फळी यंत्राने घासून काढतात, आणि उखडलेले तुकडे शेगडीत वा शेकोटीत घालतात. फळी २००४ पूर्वीची असेल तर हे दोन्ही घातक आहे. घासलेल्या भुश्यात आणि जळलेल्या राखेत आर्सेनिक असते. राखेत तर ते अधिकच दाट होते. असे लाकूड कधीही जाळू नये, त्याचा भुसा गोठ्यात वा बागेत टाकू नये. घासणे टाळता येत नसेल तर उघड्यावर, तोंडाला योग्य मास्क बांधून व खाली ताडपत्री अंथरून घासावे आणि भुसा गोळा करून नगरपालिका सांगेल तेथेच द्यावा. अशा जुन्या फळीवर आत मुरणाऱ्या रंगाचा हात वेळोवेळी देत राहिल्यास पृष्ठभागावर येणारे आर्सेनिक पुष्कळ कमी होते, असे अमेरिकन खात्यांच्या अभ्यासात दिसून आले आहे. तेव्हा जुळविण्यासाठी दिलेला रंग घरच्या माणसांचे रक्षणही करतो.

किती जुळवावे

आता उरला तो विचाराचा प्रश्न. नवे हुबेहूब जुन्यासारखे दिसावे काय? यावर जगातील वास्तुरक्षकांनी पुष्कळ विचार केलेला आहे. १९६४ मध्ये इटलीतील व्हेनिस येथे या विषयाची एक सनद तयार झाली. तिच्या बाराव्या कलमाचा आशय असा की गेलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग संपूर्ण वास्तूशी सुसंगत दिसला पाहिजे, परंतु तो मूळ भागापासून ओळखताही आला पाहिजे, म्हणजे इतिहासाचा खोटा पुरावा तयार होत नाही.

ओटा ही काही पुरातन वास्तू नव्हे. तरी २००३ चा धडा त्यालाही लागू पडतो. एखाद्याने नवी फळी जुनीशी इतकी बेमालूम जुळविली की दहा वर्षांनी कोणती फळी कोणत्या औषधाची हे कोणालाच सांगता येईना, तर पुढच्या सुताराने कोणती घासावी व कोणती घासू नये? अमेरिकेत मुरवलेल्या फळीच्या टोकाला औषधाचे नाव व प्रमाण लिहिलेली लहानशी चिठ्ठी मारलेली असते. फळी बसविताना ती बहुधा ओढून फेकली जाते. शहाणा घरधनी ती जपून ठेवतो आणि फळीच्या खालच्या अंगावर वर्ष कोरून ठेवतो. वरून ओटा एकसारखा दिसतो आणि खालून आपली हकिगत सांगतो. सनदेतील दोन्ही अटी एवढ्याने साधतात.

देवालयाच्या जीर्णोद्धारातही हे सहज करता येण्यासारखे आहे. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला विश्वस्तांच्या वहीत आणि अशा स्मरणिकेच्या एखाद्या पानावर इतकेही लिहून ठेवावे : कोणती तुळई बदलली, कोणती जुनीच ठेवली, नवे लाकूड कोणत्या झाडाचे व कोठून आणले, त्यात कोणते औषध मुरवले वा कोणते तेल लावले, खिळे कशाचे, काम कोणत्या वर्षी झाले. प्रत्येक नव्या लाकडाच्या दडलेल्या अंगावर वर्षाचा आकडा कोरण्यास सुताराला दोन मिनिटे पुरतात. पन्नास-साठ वर्षांनी गावातील आजची मुले म्हातारी झालेली असतील आणि पुढचा जीर्णोद्धार त्यांच्या हातून व्हावयाचा असेल. तोवर आजची नवी फळी जुन्यासारखीच काळवंडलेली असेल. त्या वेळी ती कोणती हे त्यांना त्या आकड्यावरून व या नोंदीवरून समजेल, आणि तिच्याशेजारी नवी फळी बसविताना त्यांचे काम सोपे होईल.